थोरला दादा विधवा वहिनीकडून हक्कसोडावर सही मागतोय. ती पॉझिटिव्ह आहे म्हणून तिचा हिस्सा जातो का?

शहापूरची लेक:

नमस्कार. मोठं लिहितेय, पण पूर्ण वाचा आणि ज्यांना माहिती आहे त्यांनी सांगा.

मी बेळगावात शहापूरला असते, शिवणकाम करते. माहेर निपाणी तालुक्यात. गावाचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर वहिनी ओळखू येईल. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. आई, दोन दादा आणि मी शेंडेफळ. शेत अजून बाबांच्याच नावावर आहे, उताऱ्यावर वारसा लागलेला नाही.

धाकटा दादा गोव्यात गवंडीकाम करायचा. टीबी झाला म्हणून गावी आला, तेव्हा रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला. मग वहिनीचं तपासलं, तिलाही निघाला. पोराचं तपासलं, त्याला नाही. दादा गेल्या पावसाळ्यात गेला. वहिनी गोळी नेमानं घेते. कोल्हापूरला सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, जाऊन आणते, कारण निपाणीत किंवा बेळगावात रांगेला उभं राहिलं की गावचं कुणीतरी भेटतंच. तब्येत चांगली आहे तिची. भांगलणीला जाते, घरी बसून बिड्या वळते, पोराचा अभ्यास घेते.

दादाचा बारावा झाला आणि घर फिरलं. तिचं ताट-तांब्या वेगळा केला. ताटाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, म्हणजे चुकून दुसऱ्या कुणी घेऊ नये. ते ताट स्वयंपाकघरात नाही, गोठ्यातल्या खुंटीला पिशवीत टांगून असतं. अंथरूणही गोठ्यालगतच्या खोलीत टाकलंय. गोळ्यांची पांढरी डबी हलवली की खडखडते, म्हणून ती डबीत कापूस कोंबून ठेवते. मी विचारलं तर म्हणाली, आवाज आला की जाऊबाई पोराला हाक मारून आत नेतात.

आता थोरल्या दादानं हक्कसोडाचा कागद करून आणलाय. वहिनीनं स्वतःचा आणि पोराचा हिस्सा सोडायचा, मी माझा सोडायचा, आणि सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर लावायचं. मला म्हणाला, "तुला माहेर पाहिजे ना? मग सही कर." वहिनीला म्हणाला, "सही दे आणि माहेरी जा. नाही दिलीस तर तुझा रोग चावडीवर वाचून दाखवतो. पोराला शाळेत कोण शेजारी बसवून घेतंय ते बघू." तिनं नाही म्हटल्यावर दोन कानफटात दिल्या. हे आईसमोर झालं. आई काही बोलली नाही.

वहिनी मला म्हणते, "देऊन टाकते सही, निदान पोराचं नाव तरी गावात खराब होणार नाही." मी तिला थांबवून ठेवलंय. पण मला कायद्यातलं काही कळत नाही. रोग आहे म्हणून हिस्सा जातो का? तिला घराबाहेर काढता येतं का? तक्रार केली तर तिथं आजार सांगावाच लागतो का? आणि मी नणंद, मला यात बोलायचा काही हक्क आहे का?

घटप्रभाकाठ:

ताई, राग मानू नका. भाऊबंदकीच्या केसेस मी घरात बघितल्यात, पिढ्या जातात. चार पंच बसवा, वहिनीला रोख रक्कम ठरवून द्या, ती माहेरी सुखानं राहील. आजारी बाईला कोर्टात फिरवण्यापेक्षा ते बरं. घरातलं घरात राहील, आईचंही म्हातारपण खराब होणार नाही.

चिकोडीची अक्का:

लेकी, तुझी पोस्ट वाचली. आधी एवढं सांग वहिनीला: कुठल्याही कागदावर सही करायची नाही आणि घर सोडायचं नाही. आज ना उद्या जायचंच आहे असं मनात आलं तरी आधी अर्ज पडू दे.

मी स्वतः पॉझिटिव्ह आहे. नवरा गेला तेव्हा पोरगी काखेत होती, आता ती डिप्लोमा करते. आमच्या भागातल्या पॉझिटिव्ह बायकांबरोबर मी खूप वर्षं काम करतेय. चिकोडी, हुक्केरी, रायबाग, तुमची निपाणी, कुठंही जा, गोष्ट सारखीच असते. नवरा असेपर्यंत रोग घरातला असतो, नवरा गेला की रोग सुनेचा होतो. आणि हे ध्यानात येतं कधी, तर उताऱ्यावर नाव लावायची वेळ आली की. तुला एक विचारते, नीट आठवून सांग. धाकटा दादा अंथरुणाला खिळला होता, तेव्हा त्याचं ताट वेगळं केलं होतं का? त्याच्या ताटाला नेलपॉलिश लावली होती का?

घटप्रभाकाठ भाऊ, तुम्ही वाईट हेतूनं लिहिलं नाही हे मान्य. पण पंच बसवायचे म्हणजे चार माणसांना आधी तिचा आजार सांगायचा. दादा ज्याची धमकी देतोय तेच आपण होऊन करायचं! आणि रोख रक्कम संपते. जमीन पोराच्या नावावर राहिली तर ती त्याला वीस वर्षांनीही विचारते, "कुठं होतास?" ज्या बायकांनी असे पैसे घेतले त्या आज दुसऱ्याच्या शेतात भांगलतात, मला नावानिशी माहिती आहेत. माहेरी भावजय किती दिवस बघणार?

लेकी, यात सगळ्यात मोठी गोष्ट ही की जमिनीचा आणि रक्ताच्या रिपोर्टचा काडीचा संबंध नाही. वारसा लावायला मृत्यूचा दाखला लागतो, वंशावळ लागते, आधार लागतं. रिपोर्ट कुणी मागत नाही, आपणही दाखवायचा नाही. दादानं दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्यात, कारण त्याला ठाऊक आहे की जमिनीवर ती भांडेल पण रोगाचं नाव काढलं की गप्प बसेल. ती गाठ आपण सोडवायची. जमिनीचं भांडण जमिनीच्या कचेरीत, मारहाणीचं मारहाणीच्या कचेरीत, आणि आजार तिच्या आणि डॉक्टरच्या मध्ये.

आता करायची कामं सांगते. तिचं औषधाचं हिरवं पुस्तक, दादाच्या मृत्यूचा दाखला, लग्नाचा एखादा फोटो किंवा पत्रिका, पोराचा जन्मदाखला, रेशन कार्ड, आधार, बाबांच्या नावचा उतारा, या सगळ्याचे फोटो तुझ्या मोबाइलमध्ये घे. शक्य झालं तर मूळ कागदही शहापूरला आणून ठेव. चिडला की माणूस पहिल्यांदा कागद जाळतो, हे मी बघितलंय. थोड्या गोळ्याही तुझ्याकडं असू देत, पण हे सीपीआरच्या समुपदेशकाला सांगून कर. नीट चाललेल्या पेशंटला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतात. एक दिवससुद्धा खंड पडता कामा नये, भांडणाच्या धांदलीत बायका नेमकी गोळीच विसरतात. बेळगावला जिल्हा रुग्णालयात बदलून घ्यायचं असेल तर तशी चिठ्ठी देतात, नको असेल तर कोल्हापूर चालू ठेवू दे. रांगेत कुणी बघेल ही भीती खोटी नाही, आम्ही सगळ्यांनी ती भोगलीय.

कानफटात मारलं त्याचं काय? तालुक्याला बाल विकास योजना अधिकाऱ्यांचं ऑफिस असतं, अंगणवाड्या ज्यांच्या हाताखाली असतात ते. आपल्याकडं कर्नाटकात घरगुती हिंसेच्या कायद्यातले संरक्षण अधिकारी तेच. तिथं जाऊन घटना लिहून घ्यायला सांगायची. गावच्या अंगणवाडी बाईंमार्फत जाऊ नका, थेट तालुक्याला जा. तिथंही ओळखीचं वाटलं तर बेळगावचं सखी केंद्र आहे, त्रास झालेल्या बायकांसाठी सरकारनं काढलेलं. १८१ या बायकांच्या हेल्पलाइनवर फोन केला तरी रस्ता सांगतात. रात्री अंगावर धावून आला तर ११२. आणि यातल्या एकाही ठिकाणी एचआयव्ही हा शब्द काढायची गरज नाही. "विधवा आहे, दीर मारतो, घरातून काढतो, हिस्सा सोड म्हणतो," एवढं बास होतं.

वकील, खानापूर:

अक्कांनी लिहिलेलं बरोबर आहे, मी कायद्याची बाजू जोडतो.

पहिला प्रश्न, रोगामुळं हिस्सा जातो का? नाही. हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. त्याचं कलम २८ वाचा: कुठलाही रोग, व्यंग किंवा विकृती या कारणावरून कुणाचाही वारसाहक्क जात नाही. एड्सचं नाव जगानं ऐकायच्या पंचवीस वर्षं आधीचं हे कलम आहे. तुमच्या दादांना कुणी वकिलानं वेगळं सांगितलं असेल तर त्याला हे कलम दाखवायला सांगा.

दुसरं. बाबा गेल्यावर आई, दोन्ही मुलगे आणि तुम्ही, असे वारस झालात. धाकटा दादा नंतर गेला, म्हणून त्याचा हिस्सा त्याची बायको, त्याचा मुलगा आणि त्याची आई यांच्याकडं येतो. जमीन बाबांची स्वकष्टाची की वडिलोपार्जित, यावर आकडे बदलतात, ते कागद बघून सांगावं लागेल. पण वहिनीचं आणि पोराचं नाव कुठल्याही हिशोबात गळत नाही. तिनं पुढं दुसरं लग्न केलं तरी मिळालेला हिस्सा जात नाही.

तिसरं, आणि हे दादांच्या वकिलालाही माहिती असणार. पोर अज्ञान, म्हणजे अठराच्या आतलं, आहे. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत आईलासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता किंवा विकता येत नाही. १९५६ च्याच अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्यात कलम ८ मध्ये ते आहे. वहिनीनं भीतीपोटी सही केली तरी पोर मोठं झाल्यावर तो कागद कोर्टात मोडून काढू शकतं. ही गोष्ट दादांच्या कानावर जाऊ द्या.

चौथं, घर. २००५ चा घरगुती हिंसाचार कायदा बाईला राहत्या घरात राहायचा हक्क देतो, घर तिच्या नावावर असो वा नसो. सासू किंवा दीर यांच्या नावचं घर म्हणून हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं, आणि २०२२ च्या निकालात विधवेच्या बाबतीतही तो हक्क उचलून धरला. शिवाय एचआयव्ही-एड्स कायदा २०१७, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, त्यातही असंच आहे: बाधित व्यक्तीला राहत्या घरातून किंवा घराच्या एखाद्या भागातून काढता येत नाही, घरातल्या सोयी वापरायला अडवता येत नाही. गोठ्यालगतची खोली आणि खुंटीवरचं ताट, दोन्ही या वाक्यात बसतात.

घरगुती हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज गेला की पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. आमच्याकडच्या कोर्टात त्याहून जास्त लागतात, खोटं कशाला सांगू. म्हणून अर्जासोबतच अंतरिम आदेश मागायचा: मारहाण करू नये, घरातून काढू नये. तो समोरच्याचं म्हणणं ऐकायच्या आधीही मिळू शकतो. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड आहे.

आजार सांगावा लागतो का? लागत नाही. औषधाचा खर्च पोटगीत धरून घ्यायचा असेल तरच तो विषय निघतो. तेव्हासुद्धा बंद दाराआड सुनावणी आणि नाव बदलून कागद, असं मागायची सोय एचआयव्ही कायद्यात आहे. आणि चावडीवर वाचून दाखवायची जी धमकी आहे, तिला उत्तर त्याच कायद्यात कलम ४ मध्ये आहे. बाधित माणसाविरुद्ध बोलून किंवा लिहून द्वेष पसरवला तर तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. धमकी कधी, कुठं, कुणासमोर दिली हे तारखेसकट लिहून ठेवा.

फीची काळजी नको. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यानं. बेळगावच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. अर्ज कानडीत लागला तर वकीलच लिहून देतील.

राहिला तुमचा प्रश्न. तुम्ही नुसत्या नणंद नाही, तुम्ही वारस आहात. तुमच्या सहीशिवाय दादांचा तो कागद पुराच होत नाही, म्हणून तर तुम्हाला माहेरचं आमिष दाखवलं. उद्याच्या उद्या तहसीलदारांकडं लेखी हरकत द्या, की या सर्व्हे नंबरवर सगळ्या वारसांची नावं लावल्याशिवाय फेरफार करू नये. पोच घ्या. वहिनीच्या आधी तुमची हरकत पडलेली बरी. सगळा राग तुमच्यावर येईल, ती थोडी आडोशाला राहील.

शहापूरची लेक:

तुम्हा दोघांचे उपकार. अक्का, तुमचा प्रश्न वाचून मी खूप वेळ नुसती बसले होते. नाही. ताट वेगळं नव्हतं. टीबीच्या सुरुवातीला डॉक्टरांनी खोकताना तोंडाला कापड धरा म्हणाले होते, तेवढंच. थोरला दादा त्याच्या खाटेवर बसून त्याच्याच ताटातली भाकरी मोडून खायचा. मी डोळ्यांनी बघितलंय. आईनं त्याला शेवटपर्यंत हातानं भरवलं.

मी आज हे आईला फोनवर विचारलं. भांडले नाही. "आई, तेव्हा भीती नव्हती, मग आता कशाची?" एवढंच. आई रडली. म्हणाली, "थोरल्याच्या जिवावर राहायचंय मला, मी काय बोलू?" तेव्हा मला कळलं की आईलाही कुणीतरी सांगायला पाहिजे की तिचा स्वतःचा हिस्सा आहे, ती कुणाच्या जिवावर नाही.

घटप्रभाकाठ:

ताई, ताटाचं वाचलं. पंचांचं मी जे लिहिलं ते सोडा. हरकतीच्या अर्जाला निपाणीला सोबत कुणी पाहिजे असेल तर माझा चुलत भाऊ तिथं अर्ज लिहायचं काम करतो. त्याला फक्त जमिनीचं सांगा, बाकी काही सांगायची गरज नाही.

चिकोडीची अक्का:

भाऊ, हे चांगलं केलंत.

लेकी, आईला सोडू नको. तीही वारस आहे, आणि मारलं तेव्हा समोर तीच होती. पण तिच्यावर साक्षीचं ओझं आत्ताच टाकू नको. आधी तिची भीती काढ. तिला एकदा कोल्हापूरला वहिनीबरोबर पाठव, दवाखान्यात समुपदेशक असतात, त्यांच्यासमोर बसव. वहिनीची हरकत नसेल तरच, हे आधी तिला विचार. एका ताटात जेवल्यानं, एका खोलीत झोपल्यानं, पोराला कुशीत घेतल्यानं हा आजार लागत नाही, हे म्हाताऱ्या बाईला डॉक्टरच्या तोंडून ऐकलं की पटतं, आपल्या तोंडून पटत नाही. वहिनीचा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट काय आहे? तो "सापडत नाही" असा येत असेल तर तिच्याकडून शरीरसंबंधातूनही कुणाला लागण होत नाही, इतकी ती गोळी काम करते. आपल्याकडं सरकारनं २००४ मध्ये ही औषधं मोफत सुरू केली. त्याआधी बायका कशा गेल्या ते मी बघितलंय, म्हणून मला राग येतो. आता बाई औषधानं ठणठणीत जगते आणि तिला माणसं मारतात.

अजून एक. तिला एकटी पडू देऊ नको. सीमेपलीकडं सांगलीत संग्राम ही संस्था १९९२ पासून आहे, तिथल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका बघून मी बोलायला शिकले. ज्यांना गावानं सगळ्यात खाली ढकललं त्या बायका पोलीस ठाण्यात खुर्ची ओढून बसतात आणि आपलं म्हणणं लिहून घ्यायला लावतात. वहिनीला अशा चार बायका भेटायला हव्यात. दवाखान्यात विचारलं की पॉझिटिव्ह बायकांच्या गटाचा पत्ता मिळतो. १०९७ या एचआयव्हीच्या हेल्पलाइनवर मोफत फोन केला तरी चालतं, नाव सांगावं लागत नाही.

शहापूरची लेक:

व्हायरल लोड "सापडत नाही" असाच आहे, तिनं मला कागद दाखवला होता, मला तेव्हा अर्थ कळला नव्हता. आज फोनवर तिला वाचून दाखवलं सगळं. कलम २८ दोनदा वाचायला लावलं तिनं. सही करणार नाही म्हणाली.

मी सोमवारी सुट्टी टाकून निपाणीला जाते, शक्ती योजनेमुळं बसचं तिकीटही लागत नाही. हरकत तहसीलदारांकडं देईन, मग तिला घेऊन बाल विकास ऑफिसला. ती पोराला शाळेत सोडून परस्पर येणार आहे. अजून एक विचारते. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार आईच्या नावावर येतात, ते थोरल्या दादाच्या हातात जातात. वहिनीला स्वतःचं काही मिळू शकतं का? बिड्यांच्या पैशावर तिचं भागत नाही.

वकील, खानापूर:

रेशन कार्डावर घरातली कर्ती बाई म्हणून आईचं नाव आहे, त्यामुळं गृहलक्ष्मी तिथंच जाणार. विधवा पेन्शन मात्र वहिनीच्या स्वतःच्या नावानं मिळते, महिन्याला ८०० रुपये, उत्पन्नाची अट आहे. अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत, करायचा. धाकट्या दादाचा मृत्यूचा दाखला, आधार, बँक पासबुक लागेल. वंशावळीचा दाखला तिथंच मिळतो, तो अर्ज त्याच फेरीत करून टाका, वारसा लावायला तोच लागणार आहे. वंशावळीत पोराचं नाव आलंय ना, हे खिडकी सोडायच्या आधी स्वतः वाचून बघा. आणि बँक खातं वहिनीचं एकटीचं हवं, थोरल्या दादाबरोबर जोडलेलं नको.